हात वर करायचा नियम

"त्यांच्या रक्तातच असतं ते," मी म्हणाले, आणि मधल्या साहेबानं ते लिहून घेतलं.

मला वाटलं होतं, म्हातारीचं बोलणं कोण लिहून घेतंय. पण त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं. शेजारच्या साहेबानं विचारलं, "म्हणजे आजी, लहानपणापासून असाच आहे का हा?"

"लहानपणापासून," मी म्हणाले. "डोंगराकडची माणसं ही. चटकन हात उचलतात."

तेही लिहिलं.

ज्याच्याबद्दल मी बोलत होते तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता. त्याला बस म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. माझा नातू खुर्चीत बसला होता. तो, आमच्या मळ्यावर येणाऱ्या मजूर बाईचा पोरगा, मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होता. त्याची आई बाहेर पायऱ्यांवर बसली होती. आत येताना तिनं माझा पदर धरून सांगितलं होतं, "मावशी, माझ्या पोराचंबी दोन शब्द सांगा." मी मान हलवली होती.

खोली मुंबई-आग्रा रोडवरच्या एका हॉटेलातली. एसी इतका की माझे गुडघे धरले. कबड्डीच्या लीगची शिस्त समिती तिथं बसली होती, तीन साहेब. एक जुना खेळाडू, एक वकील आणि मधला अध्यक्ष. आदल्या संध्याकाळी नाशिकच्या सामन्यात पंचाला ढकलण्यात आलं होतं. ढकलणारे दोघं, माझा नातू आणि तिचा पोरगा, एकाच टीमचे. पंच मॅटच्या बाहेर पडला आणि त्याचं कोपर मोडलं. समितीनं टीमच्या मॅनेजरला सांगितलं, दोघांना ओळखणारं कोणी वडीलधारं असेल तर आणा, म्हणजे वागणूक कशी ते कळेल. दोघांना ओळखणारी मीच. म्हणून मला गाडी पाठवून नेलं.

ही बाई कोण आणि तिचा पोरगा माझ्या किती ओळखीचा, ते आता सांगते.

आमचा द्राक्षाचा मळा मखमलाबादच्या पुढे आहे. दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवायचे, विरळणी म्हणजे दाट मणी काढायचे, मग काढणी. मार्च-एप्रिलपर्यंत मळ्यातच राहतात, मग वर आपापल्या पाड्यावर जातात. ती बाई आमच्याकडे वर्षानुवर्षं आली, तिचा पोरगा सात हंगाम. हात असा की घडातले मणी ती कात्रीनं काढायची तेव्हा एकाही मण्याला ओरखडा नाही. पहिल्या वर्षी आली तेव्हा पोरगा दहाएक वर्षांचा. माझा नातूही तेवढाच.

शेडसमोर मोकळी जागा होती. तिथं दोघं आणि टोळीतली बाकी पोरं कबड्डी खेळायची. रोज भांडणं. लागला, नाही लागला. मी भाकरी थापत असायचे, कान किटायचे. एक दिवस उठून गेले आणि नियम लावून दिला. ज्याला हात लागला त्यानं स्वतः हात वर करून बाहेर जायचं. पंच-बिंच नाही. ज्यानं लपवलं त्याला माझ्या चुलीवरची भाकर नाही.

आमच्या माहेरी, निफाडकडे, जुने खेळाडू असंच करायचे. माझे वडील करायचे. कोणी बघितलं नसलं तरी ते हात वर करून बाहेर जायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. तेवढंच मला ठाऊक होतं, तेच मी पोरांना लावलं.

तिच्या पोरानं तो नियम असा धरला की मलाच कधी कधी वाटायचं, बाबा, आता नको. कोणाच्या ध्यानातही आलेलं नसायचं आणि हा हात वर करून बाहेर उभा. माझा नातू भाकरीपुरता नियम पाळायचा. मी बघत असले की हात वर. पाठ फिरवली की "नाही लागला, आजीची शपथ."

आणि खेळ? तो विषयच नको. मी नातवाला पहाटे बदाम, दुपारी तूप, घरच्या म्हशीचं दूध. तो नागलीची भाकर आणि चटणी खाऊन यायचा आणि नातवाच्या डोक्यावरून उडी मारून जायचा. खरंच डोक्यावरून. मी चुलीपाशी बसून बघायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. आपण तूप ओततोय आणि उजेड तिकडे पडतोय, असं वाटायचं. पोर म्हणून तो वाईट असता तर बरं झालं असतं. मला आजी म्हणायचा, हंडा उचलून द्यायचा.

दोघं मोठे झाले. पुढे नाशिकच्या क्लबात गेले, जिल्ह्यात खेळले, मग दोघांची लीगमध्ये एकाच टीममध्ये निवड झाली. तिचा पोरगा पहिल्या सातात. माझा नातू राखीव.

गावात पेढे मी वाटले. लोक पेढा खाऊन विचारायचे, "आणि तो दुसरा? तो तर लय भारी खेळतो म्हणे." दुकानदार, दूधवाला, सगळे. नात्यातली एक बाई तर मला म्हणाली, "तुमच्या मळ्यातला पोरगा टीव्हीवर आला की." मी म्हणाले, "माझा नातूपण आहे त्यात." ती म्हणाली, "हो का? दिसला नाही."

मी टीव्हीसमोर बसायचे ती त्याचा खेळ बघायला नाही. त्याच्या चुका बघायला बसायचे. आणि एक गोष्ट माझ्या लवकर ध्यानात आली. समालोचन करणाऱ्या माणसांचे शब्द दोघांसाठी वेगळे होते. माझ्या नातवाला कधी मैदानात उतरवलं आणि त्यानं पकड करून आरोळी ठोकली, की ते म्हणायचे, काय जोश आहे, काय जिगर आहे. तिचा पोरगा चढाईवरून परत येताना मांडीवर थाप मारायचा, की म्हणायचे, याला जरा आवर घालायला हवा, रानातलं वादळ आहे हे. पंचाशी दुसरे खेळाडू हात नाचवून बोलायचे, त्यांना समज देऊन सोडायचे. यानं नुसतं "सर, नाही लागला" म्हटलं की कार्ड. दोन मिनिटं बाहेर. त्या हंगामात सगळ्यांत जास्त वेळा तोच बाहेर बसला असेल. आणि मी मळ्यात सात हंगाम बघितलेलं, त्या पोरानं कधी कोणाला चापट मारली नाही.

हे मला कळत होतं. इतर कोणाच्या आधी कळत होतं. आणि मला ते गोड लागत होतं. दुपारी धान्य निवडत बसले की ते शब्द मनात फिरवायचे. आवर घालायला हवा. रानातलं वादळ.

नाशिकच्या सामन्याला टीमनं घरच्यांना पुढच्या रांगेत बसवलं. माझी खुर्ची आणि तिची खुर्ची शेजारी. तिच्या अंगावर मी दिलेली मोरपंखी साडी. मी जुनी म्हणून दिली होती, तिनं ती अशी नीट नेसली होती की माझ्या अंगावर कधी तशी दिसली नसेल. एका मुलीनं येऊन तिला फुलांचा गुच्छ दिला, खेळाडूची आई म्हणून. मला दिला नाही. तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला. "धरा मावशी, मला शिंका येत्यात." मी धरून बसले. तिच्या पोराच्या नावाचा गुच्छ.

सामना संपायला थोडा वेळ होता. समोरच्या टीमचा पोरगा चढाईवर आला, तिच्या पोराच्या पायाजवळून हात फिरवून परत गेला. पंचानं तिच्या पोराला बाद दिलं, पायाला हात लागला म्हणून. तो तिथंच उभा राहिला. हात वर केला नाही.

मला तिथंच कळलं की लागला नाही. त्याच्या आईलाही कळलं. ती म्हणाली, "नाय लागला." तो पोरगा लागल्यावर हात वर केल्याशिवाय राहूच शकत नव्हता. त्याला ती सवय मीच लावली होती.

तो पंचाकडे गेला. माझा नातू त्या दिवशी बदली म्हणून आत होता, तोही मागोमाग गेला. पंच म्हणाला, "चल, बाहेर हो, तुमच्याकडचं जंगल नाही हे." पहिल्या रांगेत मला ते स्वच्छ ऐकू आलं. दोघांचे हात एकदमच पंचाच्या छातीवर गेले. आधी-नंतर काही नाही. पंच मागच्या मागं पडला.

समितीच्या खोलीत तेच त्यांनी लॅपटॉपवर दाखवलं. आवाज नव्हता, नुसतं चित्र. चार हात, एक छाती. तीनदा दाखवलं. मग अध्यक्ष नातवाला म्हणाला, "बेटा, तू ढकललंस?"

नातू म्हणाला, "नाही सर. मी भांडण सोडवायला गेलो होतो. गर्दीत हात लागला असेल."

मग दुसऱ्याकडे बघून, "आणि तू रे?"

प्रश्न पुरा व्हायच्या आत तिच्या पोरानं हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा. "मी ढकललं."

"आणि यानं?"

"त्याचं त्याला विचारा साहेब."

तो वर केलेला हात मी बघत होते. माझ्या शेडसमोरचा हात होता तो. तिथं त्याबद्दल भाकर मिळायची. त्या घडीला मी म्हणू शकले असते की साहेब, ह्या पोरानं आयुष्यात खोटं सांगितलेलं नाही, पंच काय बोलला ते मी ऐकलंय, आणि दोघांनी सारखंच ढकललंय. एवढंच बोलायचं होतं. त्यासाठी चौथीच्या पुढे शिकावं लागत नाही.

वकील साहेब म्हणाला, "आजी, हा मुलगा तुमच्या मळ्यात वाढला ना? स्वभावानं कसा आहे?"

त्यांना काय ऐकायचंय ते मला टीव्हीवरून पाठ झालं होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो गुच्छ होता. पुढचं मी वर लिहिलंच आहे.

बाहेर आले तेव्हा ती पायरीवरून उठली. "सांगितलं का मावशी?"

"सांगितलं," मी म्हणाले.

"देव तुमचं भलं करो."

आठवड्यानं निकाल आला. माझ्या नातवाला एका सामन्याची बंदी आणि समज. तिच्या पोराला दोन हंगामांची. नातवाचा तो एक सामना सरला की पहिल्या सातात तिच्या पोराच्या जागी माझा नातू. मी टीव्हीसमोर बसले आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. दोन सामने बरं वाटलं. मग तिसऱ्या सामन्यात नातू चढाईवर गेला, रिकामा परत आला, पुन्हा गेला, पुन्हा रिकामा, आणि समालोचक म्हणाला, "आज त्या दुसऱ्याची आठवण येतेय." घरी बसलेल्यावरही मी जळायला लागले.

हंगाम संपून नातू घरी आला. ओट्यावर बसून मोबाईलवर काहीतरी वाचत होता. निकालाची पूर्ण प्रत होती, इंग्रजीत. मला म्हणाला, "आजी, यात एक वाक्य आहे. वाचून दाखवतो." आणि त्यानं मराठी करून सांगितलं. सदर खेळाडूला लहानपणापासून ओळखणाऱ्या व्यक्तीच्या मते हिंसक वर्तन त्याच्या समाजाच्या रक्तातच आहे, समितीचंही निरीक्षण तसंच आहे, म्हणून कठोर शिक्षा आवश्यक.

मी त्याच्या शेजारीच बोलले होते, पण तो म्हणाला की त्याला तेव्हा काही ऐकू आलं नाही, भीतीनं कान बधिर झाले होते. असेल. किंवा नसेल.

"ही व्यक्ती कोण, आजी?"

"मला काय ठाऊक. साहेब लोक काहीही लिहितात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लागलाय आजी. हात वर कर."

मी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. हात वर केला नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर टोळी आली, ती आली नाही. चौकशी केली तर कळलं, दिंडोरीकडे दुसऱ्याच्या बागेत लागलीय. आमची विरळणी त्या साली इतकी वाईट झाली की घडांकडे बघवेना. मला तिचा राग आला आणि त्या दिंडोरीवाल्याचा हेवा वाटला. म्हणजे बघा, माझं कुठवर गेलं होतं.

एक दिवस नातवाला म्हटलं, गाडी काढ. तो काही न विचारता घेऊन गेला. ती बागेत होती, वर हात करून घड साफ करत होती, डोक्याला रुमाल. मला बघून कात्री खाली केली नाही.

"बसा मावशी. बांधावर सावली हाय."

मी उभीच राहिले. म्हणाले, "त्या दिवशी मी आत जे बोलले ते—"

"ठाव हाय. आश्रमशाळेच्या गुरुजींनी वाचून दाखवलं." कात्री चालू होती. मणी टपाटप खाली पडत होते. "सात हंगाम तुमच्या घरची भाकर खाल्ली त्यानं. रक्त त्या भाकरीचंच झालं असंल ना त्याच्या अंगात?"

शेजारच्या ओळीतली एक बाई फिसकन हसली.

"मी नसते बोलले तरी त्यांनी तेच केलं असतं," मी म्हणाले. हे मी स्वतःला वर्षभर सांगत होते.

"केलं असतं की," ती म्हणाली. "ते काय आमाला नवं हाय? पर मग ते त्यांचं राहिलं असतं."

तिनं पुढचा घड धरला. नातू बांधावर खाली मान घालून उभा होता.

घरी आल्यावर मी नातवाची जुनी वही घेतली आणि समितीला पत्र लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, चार पानं लागली. लिहिलं की दोघांनी सारखंच ढकललं. पंच जंगलावरून बोलला ते मी ऐकलं. त्या पोराच्या स्वभावाबद्दल मी सांगितलं ते खोटं होतं, तो माझ्या नातवापेक्षा चांगला खेळतो हे मला सहन होत नव्हतं म्हणून सांगितलं. खाली सही केली. नातवानंही आपलं वेगळं पत्र लिहिलं, मीही ढकललं होतं, मी खोटं बोललो. दोन्ही एकाच पाकिटात घातली.

उत्तर नातवाला आलं. मला आलं नाही. त्यात लिहिलं होतं की प्रकरण बंद झालेलं आहे, निकालात बदल होणार नाही. आणि स्वतःहून चूक कबूल केल्याबद्दल समिती त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करते. त्याला आणखी शिक्षा नाही. लीगनं ते कौतुक त्याच्या फोटोसकट मोबाईलवर सगळ्यांना दिसेल असं टाकलं. खाली लोकांनी हजारो लाल बदामांची चित्रं टाकली.

नातवानं तो फोटो मला दाखवला आणि मोबाईल पलंगावर फेकला. "आजी, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वर्षानं सांगितलं."

"हो," मी म्हणाले.

"हात वर करणं तर तेच होतं."

त्यानं पुढच्या हंगामाचा करार केला नाही. मी चार शिव्या दिल्या, ऐकलं नाही. आता महिंद्राच्या कुठल्याशा—नको, नाव कशाला, सातपूरच्या एका कारखान्यात जातो, आणि रविवारी मोटारसायकल घेऊन वर डोंगरात जातो. तिथं आश्रमशाळेच्या मैदानावर तिचा पोरगा मुलींना कबड्डी शिकवतो. दोघं मिळून शिकवतात. संध्याकाळी नातू लाल मातीनं भरून येतो, भूक लागली म्हणतो, तीन भाकरी खातो. कुठल्या पोरीनं कशी पकड केली ते आपल्या आईला, माझ्या सुनेला, सांगत बसतो. मला नाही सांगत. त्या मैदानाचासुद्धा मला हेवा वाटतो.

एकदा मी विचारलं, "तिथं हात वर करायचा नियम आहे का?"

"आहे," तो म्हणाला. "त्यानंच लावलाय."

"कोणी लावला होता पहिल्यांदा, ते सांगतो का पोरींना?"

नातवानं भाकरीचा तुकडा मोडला. "सांगतो. एका आजीनं, म्हणतो."

बंदीचे दोन हंगाम संपले. तोवर टीमनं नवी पोरं घेतली होती, तिच्या पोराला कोणी बोलावलं नाही. तो आता पंचविशीचा आहे, गुडघे चांगले आहेत. परवा आमच्याकडे टीव्हीवर लीगचा सामना लागला होता, तेव्हा मी समालोचकाचे शब्द ऐकत होते. आता दुसरा कोणी तसाच पोरगा आहे, गडचिरोलीकडचा म्हणे. याला जरा आवर घालायला हवा, म्हणाले. मी टीव्ही बंद केला.

मी आता शहात्तरीची आहे. माझं काही बिघडलं नाही. मळा आहे, म्हैस आहे, नातू रोज घरी जेवतो. दोन हंगाम घरी बसला तो तिचा पोरगा.